पोथीसारखं वाचलेलं आत्मचरित्र

पुस्तकाबद्दल माझं मत नाही, असं आजवर कधी झालेलं नाही. माहेर धुळ्याचं. आमच्या गल्लीत ज्याला त्याला पाण्याबद्दल, पुढाऱ्यांबद्दल आणि शेजारच्या घरातल्या सुनेबद्दल मतं असत. माझी पुस्तकांबद्दल होती, एवढाच फरक. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते कोर्टात कारकून होते आणि दिवसभर लोकांच्या साक्षी ऐकून घरी येत. एखादं आत्मचरित्र वाचून झालं की चष्मा पुसत म्हणत, "चांगलं शे, पन बठ्ठं खरं नई." सगळं खरं नाही म्हणजे काय? मला राग यायचा. लिहिणारा माणूस स्वतःबद्दल कशाला खोटं लिहील, असं मी तावातावानं विचारायची आणि आबा हसून वर्तमानपत्र उघडायचे.

लग्न होऊन जळगावला आले ती ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवरा चाळीसगावला नोकरीला. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळी यायचा आणि जाता-येता पत्ते खेळायचा. छापील मजकुराशी त्याचा संबंध रेल्वेच्या वेळापत्रकापुरता. मधला सगळा दिवस माझा होता. वाचनालयात नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला की ग्रंथपाल माझ्यासाठी एखाद-दोन बाजूला काढून ठेवत, कारण मी ती लवकर परत करायची. परत करताना त्यांना ऐकवायचीही.

त्या वर्षांत शहरी कादंबरीतला नायक सारखा खाटेवर पडून छताच्या पंख्याकडे बघत असे. त्याला नोकरी असे, बायको असे, दोन वेळचं जेवण असे, पण जगण्यात काही अर्थ नाही हे त्याला पहिल्याच पानावर कळलेलं असे आणि शेवटच्या पानापर्यंत त्यात काही भर पडत नसे. मला त्याची दया यायची, पण त्या बायकोची जास्त. ग्रामीण कादंबरीचं दुखणं वेगळं. तिच्यातल्या गावात कुणी हसायचंच नाही. मी खेड्यात राहिलेले नाही, पण शिंदखेड्याकडे मावशीच्या गावी सुट्ट्या काढल्या आहेत, आणि पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षीसुद्धा मावशीच्या ओट्यावर माणसं पोट धरून हसताना पाहिली आहेत. आणखी एक प्रकार मला मुळीच सहन होत नसे. दोन माणसांत गैरसमज होतो, तो एका वाक्यानं मिटण्यासारखा असतो, आणि लेखक त्यांना पुस्तकभर गप्प बसवतो. अरे, एकदा बोला की! खऱ्या आयुष्यात असं कुठं असतं का, असं मी ग्रंथपालांना विचारायची. ते आपले शिक्के मारत राहायचे.

आत्मचरित्रांवर मात्र माझा जीव होता. शिक्षकांची, नर्सबाईंची, चळवळीतल्या माणसांची, मोठ्या माणसांच्या बायकांची, मिळेल ते मी वाचायची. बायकांची अधिक आवडायची, कारण त्यांच्या पुस्तकात घरात माणसं किती होती, पाणी कुठून यायचं आणि चूल कोण पेटवायचं हे कळायचं. पुरुषांच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग सोन्यासारखा असे. भूक, अनवाणी चालणं, पहिला नवा सदरा. मग नोकरी लागली की पुस्तक जे बिघडायचं ते थेट सत्कारापर्यंत. आई थोर असायची. बायको शेवटाकडच्या कुठल्यातरी प्रकरणात 'तिनं साथ दिली' एवढ्यावर आटोपायची. तरी मी ती पुस्तकं मनापासून वाचायची. एक माणूस मागं वळून बघायला निवांत बसलाय, याचंच मला अप्रूप वाटे. कादंबऱ्या मी अर्ध्यावर टाकल्यात. आत्मचरित्र एकही नाही.

आमच्या गल्लीतलं वाचन सुरू झालं ते अक्कांमुळे. अक्का समोरच्या घरातल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. माहेर यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यातलं, सासर फैजपूरचं. पुढे यजमानांनी केळीच्या व्यापारासाठी जळगावात घर बांधलं. अक्कांची शाळा चौथीपर्यंत झाली होती आणि वर्तमानपत्र त्या स्वतः वाचत. पण पुस्तक म्हणजे एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी त्यांची पक्की समजूत. श्रावणात त्यांच्याकडे पोथी लागे. एका वर्षी वाचायला मला बोलावलं, माझं वाचणं त्यांना पसंत पडलं, आणि पोथी संपल्यावर त्या म्हणाल्या, आता तुझ्या वाचनालयातलं काहीतरी आण. तेव्हापासून उन्हाळ्यात सकाळी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालून झाले की दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत कूलरसमोर आम्ही काहीजणी जमायचो. कुणी तूर निवडायची, कुणी लसूण सोलायची, मी वाचायची.

नियम मात्र पोथीचेच राहिले. पुस्तकाला आधी हळदकुंकू. पुढचं पान कुणी चाळायचं नाही. ओळ गाळायची नाही. अध्याय अर्धा ठेवून उठायचं नाही आणि मरणावर तर वाचन थांबवायचंच नाही. कुणी गेलं की त्या घरात काहीतरी बरं घडेपर्यंत पुढं वाचत राहायचं. आजच्या कादंबऱ्यांत काही बरं घडायला फार पानं लागतात, त्यामुळे कधी कधी माझा घसा बसायचा. शेवटी शेंगदाणे आणि गूळ. मी मधेच थांबून माझं मत सांगायला लागले की अक्का हात वर करायच्या. पोथी वाचणारीनं मधे बोलू नये. पंख्याकडे बघणारा एक नायक मी मुद्दाम तिथं नेला होता. बायकांनी तो मुकाट्यानं शेवटापर्यंत ऐकला. मग एकीनं विचारलं, का गं, ह्याला आई-बाप कुणी नाहीत का? मला हसू आलं, पण त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं हेही खरं.

नव्वदच्या आसपास अक्कांच्या धाकट्या भावाचं आत्मचरित्र आलं. भाऊ पुण्यात प्राध्यापक होते, नुकतेच निवृत्त झाले होते. पुस्तक टपालानं आलं तसं अक्कांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि गल्लीत सांगून आल्या की माझ्या भावानं आमच्या घरची पोथी लिहिलीय, सगळ्यांनी ऐकायला यायचं. स्वतः त्यांनी ते चाळलंसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम. पण त्यात आपण असणार याची त्यांना इतकी खात्री होती की बायकांना आधीच बजावून ठेवलं, "माहं बी येईल त्याच्यात. हसू नका."

इकडे वाचनालयानं त्याच पुस्तकावर कार्यक्रम ठरवला. लेखक स्वतः येणार होते आणि वाचकांच्या वतीनं मी बोलायचं होतं. त्यामुळे वाचनालयाची प्रत माझ्या हातात आधी आली. मी ती एका दमात वाचून काढली. पुस्तक चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. बडेजाव नव्हता, रडगाणं नव्हतं. फैजपूरच्या बोर्डिंगमधल्या दिवसांचं प्रकरण तर मी त्या काळात वाचलेल्या उत्तम प्रकरणांपैकी एक. दर बाजाराच्या दिवशी घरून भाकरी यायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, लसणाच्या चटणीबरोबर फडक्यात बांधलेली. मुलगा फडकं सोडतो, आधी वास घेतो, मग तुकडा मोडतो. कितीतरी वेळ नुसती ती भाकरीच चालली होती. वाचता वाचता मला भूक लागली आणि मी उठून खरंच भाकरी खाल्ली.

फक्त अक्का नव्हत्या. आई होती, वडील होते, विहीर होती, बैलांची नावं होती. थोरल्या बहिणीबद्दल एकच ओळ, की पुढं तिचं लग्न झालं. मी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटून पाहिली. नव्हत्याच.

वाचताना पदरची दोन वाक्यं घालावीत, असं मनात येऊन गेलं. कुणाला काय कळणार होतं? पण दुसऱ्याच्या आयुष्यात आपण वाक्यं घालायची हे मला जमणारं नव्हतं. आधी जाऊन सांगून टाकावं, तर तोंड उघडेना. शेवटी जसं होतं तसं वाचायचं ठरवलं.

वाचन सुरू झालं. रोज कुणीतरी म्हणायचं, आता अक्का येतील. विहिरीवर येतील असं वाटलं, नाही आल्या. वडील आजारी पडले तेव्हा येतील असं वाटलं, तेव्हाही नाही. अक्का डोळे मिटून ऐकायच्या, भिंतीला टेकून, हातात जपमाळ असल्यासारख्या शांत. बोर्डिंगचं प्रकरण आलं त्या दुपारी भाकरीचा उल्लेख येताच त्यांनी डोळे उघडले आणि सरळ बसल्या. मी वाचत गेले. फडकं सुटलं, वास आला, चटणी आली, भाकरी संपली, आणि प्रकरण अभ्यासाकडे वळलं. तूर निवडणारे हात थांबले होते. कुणी कुणाकडे बघेना.

"पुढं वाच," अक्का म्हणाल्या.

लग्नाची ओळ आली तेव्हा एक म्हातारी शेजारीण घाईघाईनं म्हणाली, आलं बरं का लग्न, आलं. ती इतक्या मायेनं म्हणाली की मला पुढचा शब्द दिसेना. पुस्तक रीतीप्रमाणे पूर्ण झालं. अक्कांनी त्याला पुन्हा कुंकू लावलं, सगळ्यांच्या हातावर शेंगदाणे-गूळ ठेवला आणि बायका एरवीपेक्षा लवकर घरी गेल्या.

मला त्यांनी मागं थांबवलं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्यांनी सांगितलं की ती भाकरी त्या स्वतः नेऊन देत होत्या. गावापासून फैजपूरपर्यंत, केळीच्या बागांमधून, पायी, दर बाजाराला. आईला घर सोडता येत नव्हतं आणि वडील अंथरुणाला खिळलेले. सांगताना त्या रडल्या नाहीत. पदरानं ओटा पुसत म्हणाल्या, "त्याले माही लाज वाटली असीन. मोठा मानूस झाला ना."

मी पेटलेच. कार्यक्रमात सगळ्यांसमोर विचारते, म्हणाले. असली आत्मचरित्रं मी खूप पाहिलीत, भाकरी खायची आणि करणारीला विसरायचं. अक्कांनी माझा हात धरला. "चार लोकाइत त्याले काही इचारू नको. तू चांगलं बोलजो."

मी चांगलं बोलले. बोलताना पुढच्या रांगेत अक्कांसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी दिसत होती. आंबे उतरवायचे आहेत असं सांगून त्या घरीच राहिल्या होत्या. बोर्डिंगच्या प्रकरणाची मी स्तुती केली आणि ती खोटी नव्हती. कार्यक्रम संपल्यावर भाऊ मला भेटायला आले. साधा, सडपातळ माणूस, जरा संकोची. म्हणाले, तुम्ही इतकं बारीक वाचलंत, बरं वाटलं. मला त्या माणसाचा राग करायचा होता आणि तो येईना, याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांकडे भाऊंचं जेवण होतं, मलाही बोलावलं होतं. यजमान माल भरायला बाहेरगावी गेलेले. आमरस केलेला आणि अक्का खापरावर मांडे भाजत होत्या, हातावर मोठी होत जाणारी ती पुरणाची पोळी उलट्या खापरावर अलगद टाकत. भाऊ पाटावर बसले होते, मी त्यांच्या शेजारी. बोलणं आंब्यांचं, उन्हाचं, पुण्याच्या पाण्याचं. अक्का हसत होत्या, वाढत होत्या. पण भावाकडे बघून बोलत नव्हत्या. चार लोकांत विचारू नको, असं मला सांगितलं होतं. इथं चार लोक नव्हते.

मी शक्य तितक्या सहज विचारलं, की तुमच्या बोर्डिंगच्या प्रकरणात ती भाकरी आणून कोण द्यायचं?

ते थोडा विचार करून म्हणाले, "गावाकडून बाजाराला गाड्या यायच्या. कुणाच्यातरी गाडीत येत असेल. आम्हाला स्वयंपाकीणबाई द्यायच्या. लहान होतो, कधी विचारलं नाही."

अक्कांचा हात खापरावर थांबला. मांडा एका बाजूनं करपायला लागला, त्याचा वास सुटला, तरी त्यांनी तो काढला नाही.

"कोनाच्या गाडीत नही," त्या म्हणाल्या. "मी आनत व्हती."

"तू? अक्का, तू कशी येशील? पायी?"

"मंग काय इमानानं?"

भाऊ हसले नाहीत. मला न भेटता तू परत कशी जायचीस, असं त्यांनी विचारलं, आणि मग अक्का बोलल्या. त्यांचं लग्न फैजपूरला ठरलेलं होतं. सुपारी फुटली होती, पण सासरी मरण झालं म्हणून लग्न लांबणीवर पडलं होतं. ठरलेल्या मुलीनं लग्नाआधी सासरच्या गावात पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दिसली असती तर सोयरीक मोडली असती. तेव्हा आईनं सांगितलं, तोंडावर पदर घे, बोर्डिंगच्या मागच्या दारानं जा, बाईच्या हातात दे आणि परत ये. भावालाही कळू द्यायचं नाही, कारण त्याच बोर्डिंगमध्ये सासरच्यांच्या नात्यातला एक मुलगा शिकत होता. पुढं लग्न झालं तोवर भाऊ शिकायला दूर निघून गेले होते. स्वयंपाकीणबाईनं त्याला कधीतरी सांगितलंच असेल, असं अक्का धरून चालल्या. आणि एवढी वर्षं तो भेटला की त्याबद्दल काही बोलत नाही, हे त्या मनात ठेवून होत्या.

"मले वाटलं, तुले ठाऊक हाये," अक्का म्हणाल्या. "ठाऊक असून लिहेलं नही."

पुस्तकात शुद्ध, आखीव मराठी लिहिणारा तो माणूस एकदम गावच्या बोलीत म्हणाला, "मले कोनी सांगितलंच नही, अक्का."

मी ज्या तऱ्हेच्या कादंबरीला आयुष्यभर नावं ठेवत आले, ती इथं माझ्या शेजारी पाटावर बसली होती. एका वाक्याचं काम होतं आणि दोन शहाण्या, एकमेकांवर जीव असलेल्या माणसांनी ते उभ्या जन्मात केलं नव्हतं. पुढं मी ग्रंथपालांना हे सांगितलं आणि त्या सगळ्या लेखकांची मनातल्या मनात माफी मागितली. आत्मचरित्रांबद्दलही माझी भाषा त्यानंतर मऊ झाली. अमका तमक्याला विसरला, असं मी फटकन म्हणत नाही. त्याला ठाऊक तरी होतं का, हे आधी मनात येतं. भाकरी कुणी आणली हे मात्र मी अजून शोधते.

पण त्या दुपारी मला यातलं काही सुचत नव्हतं. भाऊ ताटाकडे बघत बसले होते. बोटं रसात तशीच. मग म्हणाले की त्या बोर्डिंगमध्ये त्यांनी सगळ्यात जास्त काय सोसलं असेल तर ते एकटेपण. मुलांना घरचे लोक भेटायला येत, यांना कुणी येत नसे. आपल्याकडे बघणारं इथं कुणी नाही, असं वाटून ते भाकरी खाता खाता रडत. लाज वाटली म्हणून तेवढं पुस्तकात लिहिलं नाही.

अक्कांनी करपलेला मांडा बाजूला काढला. हात पुसला.

"मी पाहत व्हती ना," त्या म्हणाल्या. "मांगच्या भिंतीआड उभी राहत व्हती. तू फडकं सोडे, वास घे, मंग रडे. डोये पुसून खायाले लागला का मंग मी निघे. तू खायेपर्यंत माहा पाय निघत नव्हता."

भाऊंनी तोंडावर डावा हात धरला आणि खांदे हलू लागले. मी उठून जावं की बसावं, मला कळेना. अक्कांनी नवा मांडा केला नाही. चूल तशीच सोडून त्या भावाच्या ताटासमोर जमिनीवर येऊन बसल्या, अगदी समोर, आणि त्यांचं जेवण पुरं होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.